डावा क्लिक

(रायपूर, समता कॉलनी. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले दत्तोपंत जेवणाच्या टेबलावर सुनेचा माउस उघडून बसले आहेत. समोर लॅपटॉपपाशी गंधाली. अपघातापासून तिची बोटं वळत नाहीत.)

गंधाली : झाकणालाच भोक पाडलं? बाबा, ऑफिसचा माउस आहे तो!

दत्तोपंत : तार कुठून काढू मग? हे पाहा. डाव्या क्लिकखाली बारीकसा स्विच असते. त्याच्या दोन पायांना दोन तारा जोडल्या. तारांचं दुसरं टोक या घंटीच्या बटनाले. माउस तू मनगटानं सरकव, दाबाचं काम पायानं कर.

गंधाली : दाराची घंटी पायाखाली घेऊन बसू? अकरा वाजता ऑफिसचे सर व्हिडिओवर पाहणार. त्यांच्यासमोर घराचा नकाशा काढता आला तर तिथलं टेबल माझं, नाही तर नवीन आलेल्या पोट्टीचं. मैं मना कर देती हूँ.

दत्तोपंत : आधी लावून तर पाहू.

गंधाली : हे काय! पाय ठेवलाच नाही मी, अन् क्लिक दबूनच आहे. नकाशातली अख्खी भिंत ओढून नेऊन राहिला!

दत्तोपंत : थांब, वायर काढू दे. कथलाचा डाग जास्त सांडला. स्विचचे दोन्ही पाय एकमेकाले चिकटले.

गंधाली : दस मिनट बचे हैं.

दत्तोपंत : हव. माहीत आहे मले.

गंधाली : तुमच्या हातून डाग सांडला?

दत्तोपंत : सिग्नलच्या पेटीत चाळीस वर्षं नाही सांडला.

गंधाली : मग आज काहून?

दत्तोपंत : त्या दिवशी दवाखान्यात म्हटलं ना मी... साइटवर हिंडणं बायकांचं काम नाही, म्हणून अभनपूरच्या रस्त्यावर हे झालं.

गंधाली : शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच ऐकलं मी.

दत्तोपंत : चुकलं माझं, पोरी.

गंधाली : आता नको, बाबा. रडू आलं तर मले डोळेही धड पुसता येत नाहीत. तो डाग काढा आधी.

दत्तोपंत : ...काढला. धर. नाही, थांब, मीच लावतो. ठेव पाय.

गंधाली : क्लिक लागला. सोडते... सुटला. दाबून ठेवते... बाबा, रेघ निघून राहिली! सरळ!

दत्तोपंत : फरशीवर बटन घसरते. मी धरतो खाली बसून.

गंधाली : गुडघे दुखतात ना तुमचे?

दत्तोपंत : सरांचा व्हिडिओ फोन वाजून राहिला. घे तो.

गंधाली : जी सर, नमस्ते. स्क्रीन दिख रही है? शुरू करती हूँ... हाँ सर, रसोई पूरब में... जी... जी, समझ गई. थैंक्यू सर.

दत्तोपंत : काय म्हणाले?

गंधाली : जिना चुकला म्हणाले. दुरुस्त करून संध्याकाळपर्यंत पाठवा.

दत्तोपंत : म्हणजे टेबल गेलं?

गंधाली : नाही. म्हणजे सगळ्यांना बोलतात तसंच बोलले मले. उठा आता, पाऊण तास झाला खाली बसून. बटनाले चिकटपट्टी लावून द्या.

दत्तोपंत : लावली. आता थोडं पडून घे. थकली असशील.

गंधाली : जाता जाता दार लोटून घ्या, बाबा. मले काम आहे.