छकुलीच्या गाठी

जनावरांच्या दवाखान्यात आजी म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन बाकावर बसल्या होत्या. तपासणीच्या खोलीतून एक नवरा-बायको मांजरीची टोपली घेऊन बाहेर आले आणि बिलासाठी थांबले.

"गाठी नाहीत म्हणे त्या. उगाच झोप उडवलीस माझी."

"आणि तुम्ही? गोचीड समजून चिमटा घेऊन बसला होतात."

"बोचकारून घेतलं की त्याबद्दल."

"मला वाटलं, आत्ता कुठे घरी आणली आणि जाते हातची."

"पण मग आहे काय ते? मी तिला धरण्यातच गुंतलो होतो."

"आचळं आहेत. पिल्लं न झालेल्या मांजरीची केसांत दिसतसुद्धा नाहीत. हिची मोठी, ओढल्यासारखी झालीत. पिल्लं पाजलीत हिने."

"अगं, ऑपरेशन झालेली दिली ना आपल्याला?"

"त्याच्या आधी. आपण तिला ओळखतही नव्हतो तेव्हा."

"किती होती पिल्लं?"

"ते नाही कळत म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"आणि आपण हिला छकुली म्हणतो."

"मी तर मांडीवर घेऊन अंगाई म्हणते."

"ऐकून घेते बिचारी."

"अहो, टोपली हलवू नका. लेकुरवाळी आहे ती."

आजी बाकावर सरकल्या आणि त्यांनी टोपलीला जागा करून दिली.