अभिमन्यूची माय

नाही नाही, बेल वाजली जी, मी ऐकली — चावी शोधून राहिली होती. इथंच कुठं तरी ठेवली अन् आता सापडून नाही राहिली. तुम्ही त्या पायरीवर बसा ना मॅडम, तिथं सावली आहे. चहा इथूनच देते, या चॅनल गेटच्या फटीतून कप बराबर जाते, बशी तेवढी जात नाही. घ्या, सांभाळून, गरम आहे. तं तुम्ही रोशनी मॅडम. रजतच्या तोंडी तुमचंच नाव असते — मराठीच्या मॅडमनं असं सांगतलं, तसं सांगतलं. बाकीचे बारावीचे पोट्टे मास्तरांच्या नकला करतात, हा तुमचं कौतुक करते. तो नाही घरी. सीताबर्डीले बापाच्या दुकानात बसून राहिला, साड्यांच्या घड्या घालते. मी त्याची आई, प्रेमलता, मले सांगा काय ते. पुण्याचंच ना?

पुण्याचं सांगते, पण आधी त्या गोष्टींचं बोलू द्या, मले अजून हसू येते. तुम्ही वर्गाले म्हटलं ना, रामायण-महाभारतातली कोणतीही गोष्ट घ्या अन् आपल्या मनानं नव्यानं लिहा — तं या पोट्ट्यांनी काय काय लिहिलं बाप्पा. रजत संध्याकाळी ओट्याजवळ उभा राहून सांगे. मेघा नावाची कोणी पोरगी आहे, तिनं लिहिलं का हनुमान डोंगर घेऊन आला, लक्ष्मण उठून बसला, अन् मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात — आता हा डोंगर परत कोण नेऊन ठेवन? अन् मोहितनं कुंभकर्णाच्या बायकोची लिहिली. तो सहा महिने झोपते अन् ती सहा महिने घरात चवड्यावर चालते, भांडं वाजू देत नाही. ती मले खूप आवडली. मी म्हटलं, या मोहितच्या आईले एकदा भेटवून दे रे.

अन् आमच्या रजतनं अभिमन्यू घेतला. अभिमन्यूच काहून, ते तुम्हाले माहीत नसन. आमच्या घरात मलेच अभिमन्यूची माय म्हणतात — थट्टेनं, वाईट काही नाही मनात. रजत पोटात होता तेव्हा आमच्या सासूबाईंनी, भागीरथाबाईंनी — रजत रांगत होता तेव्हाच गेल्या त्या — गर्भसंस्काराची सीडी आणली होती. दुपारी जेवणं झाली का ती लावायची, मी समोर बसायचं, श्लोक ऐकायचे, म्हणजे पोरगं हुशार निघते. अन् मी झोपायची. मग पुढं पोराले गणितात मार्क कमी पडले का सगळे माझ्याकडं पाहत. सुभद्रा झोपली म्हणून अभिमन्यूले व्यूहातून निघायचा रस्ता ऐकू नाही आला, अन् प्रेमलता झोपली म्हणून रजतले गणित नाही आलं. पाहुणे आले का हे स्वतःच सांगतात, सगळे हसतात, मीही हसते. — झोपत कुठं होती मॅडम? डोळे उघडे दिसले का कोणी तरी काम सांगे, म्हणून मिटून घ्यायची. सीडी चालू आहे तोवर कोणी हाक मारत नव्हतं. हे मी आजवर कोणाले नाही बोलली, अन् या पोट्ट्यानं लिहिलं काय? अभिमन्यू म्हणते, माझी आई झोपली नव्हती. मी आतून तिची छाती धडधडताना ऐकत होतो. बाबांनी सगळं सांगतलं, बाहेर निघायचाही रस्ता सांगतला, अन् मी तो पूर्ण ऐकला. मी म्हटलं, मग मेला काहून बाबा तुझा अभिमन्यू? तं म्हणते, पुढचं नाही सुचलं आई.

बरं, पुण्याचं. चित्रकलेच्या कॉलेजात नंबर लागला, शनिवारपर्यंत जाऊन नाव नोंदवा लागते, मले माहीत आहे जी. अन् यांनी नाही म्हटलं असं समजू नका, हे रडतखडत का होईना हो म्हणाले. तोच नाही म्हणते. आळशी आहे. आईच्या पदराखालचा. मी समजावून थकली, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणते, दुकानातच बसतो. आता दुकानात बसायले का मी याले — तुम्ही असं त्या कुलपाकडं नका पाहू मॅडम. हाव, बाहेरून आहे. नाही हरवली चावी. हे सोबत घेऊन जातात. तसं काही नाही हो, हा हुडकेश्वरचा भाग अजून नवीन, आजूबाजूले रिकामे प्लॉट, चोऱ्या होतात. कुलपाभोवती पत्रा ठोकला तोही त्याच्यासाठीच, आतून हात नाही पोचत. अन् यांनी माझ्या अंगाले कधी हात नाही लावला, देवाशप्पथ. लग्न झालं तेव्हा एकदा मी न सांगता जरीपटक्याले बहिणीकडं गेली होती, परतायले अंधार पडला. तेव्हापासून धास्ती बसली यांच्या मनात. माणूस धास्तीनं करते. — हाव, तेव्हापासून. रजत लहान होता तं शाळेतून येऊन त्याच पायरीवर बसे, तुम्ही बसल्या तिथंच. तो बाहेरून पाढे म्हणे, मी आतून चुका काढायची. हे आले का मग दोघंही घरात.

आता तसं नाही राहिलं. त्यानं यांच्या नकळत चावी करून घेतली. दुपारी बाहेर काही खाऊन येतो म्हणून यांना सांगते अन् इकडं येते, कुलूप काढते, अन् मी निघते. लांब नाही जात, नाल्यापर्यंत. भाजीच्या गाडीवर भाव करते, घेत काही नाही, घेतलेली भाजी दिसली तं विचारतात ना. मग मी आत, तो कुलूप लावून परत दुकानात. हे मी कायले सांगून राहिली तुम्हाले? झाकली मूठ होती. चहा निवला पाहा तुमचा.

काय म्हणता? शेवट लिहिला आहे त्यानं? मले तं म्हणे सुचला नाही. सांगा ना. — परत सांगा. "मला रस्ता माहीत होता. पण व्यूहाच्या मध्यभागी आई बसली होती." एवढंच? पुढं काहीच नाही? — थांबा मॅडम. थांबा जरा. मी आळशी म्हणून राहिली होती त्याले. परवा चार पाहुण्यांत म्हटलं, हा कुठं जाते, याले आईच्या हातचं लागते. तो खाली मान घालून जेवत होता. आपण गेलो तं कुलूप कोण काढन, याचाच विचार करून बसला पोट्टा, अन् मी त्याच्या ताटात पोळी वाढून राहिली, खुश होऊन. हाव, खुश. आता खोटं कायले बोलू. तो राहतो म्हणाला तेव्हा मले बरं वाटलं मॅडम. माय असून बरं वाटलं.

तुम्ही एक करा. माझ्याजवळही आहे एक चावी. त्यानं दोन करून आणल्या — आग-बिग लागली तं शेजारणीले दे म्हणे. कशी देऊ? साऱ्या लेआउटले माहीत झालं असतं. थांबा, आणते. — ही घ्या, उघडा. डावीकडं फिरवा, जरा अडते. हाव. आता सरकवा, जोर लागते. — आली बाहेर. चपला आतच राहिल्या, राहू द्या. मले नीट पाहून घ्या मॅडम. रजतले सांगा, मी तुझ्या घरी गेली तेव्हा तुझी आई घरात नव्हती, बाहेर रस्त्यावर उभी होती, तू नसताना. चावी शेजारणीजवळ दिली म्हणा, तीच रोज उघडून देते म्हणा. आईचं तुझ्यावाचून काही अडून नाही राहिलं म्हणा. तुमचं ऐकन तो. माझं खोटं त्याले लगेच समजते.

नाही जी. तुमच्यासोबत कुठं येऊ? समजते मले, मनापासून म्हणून राहिल्या तुम्ही. पण मी आज निघाली तं हे आधी रजतले धरतात — कुठं गेली तुझी माय, चावी कोणी केली? त्यातच शनिवार निघून जाईल. त्याले एकदा पुण्याच्या गाडीत बसू द्या, मग पाहू. पाहू म्हटलं ना. — चला, मी आत जाते. सरकवा. आता कुलूप लावा. लावा ना मॅडम, मले आतून नाही लावता येत. रडू नका बाप्पा, कोणी पाहन. अन् चावी तुमच्याजवळ राहू द्या. कायले म्हणजे? ठेवा. — अजून दाबा, खटका नाही आला. — हाव. लागलं. या आता.