पाहुण्यांसाठी ठेवलेलं पेट्रोल

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे मी आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. दुसऱ्याचं आयुष्य कागदावर उतरवायचा अधिकार मला आहे का, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. चंदामावशी वसईजवळ आचोळ्याला आमच्याच मजल्यावर राहतात आणि गाडी चालवतात. लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, लिही, पण मी बोलते तसं लिही, तुझ्या मास्तरांना आवडेल तसं नको. तसा प्रयत्न केला आहे. जिथे चुकलं असेल तिथे चूक माझी.

*

माझं माहेर कामनच्या पुढं, खाडीच्या अंगाला. पावसात भात, नंतर वाल, वांगी, काकडी, आनि बाबाचा एक टेंपो होता, त्यात गावातल्या सगळ्यांची भाजी भरून पहाटे वसईच्या बाजारात जायची. मला दोन भाऊ, एकाला क्रिकेट, एकाला झोप, टेंपोचं कोनाला काय नाय. मग बाबा म्हनाला हिचा पाय क्लचवर पोचतो, हीच शिकू दे. आई अशी भडकली, काय सांगू तुला, पोरीला टेंपोवाली करतोस, उद्या हिला कोन करनार, तर बाबा म्हनाला ज्याला बाजारात जायचं असेल तो करेल. मी शिकले ती शेताच्या बांधावरच्या रस्त्यानं, एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला पानी, चुकलीस की पडलीस, म्हनून चुकले नाय.

ओवरटेक बाबानंच शिकवला. तो म्हनायचा, पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटायचं नाय, चिकटलीस तर तुला फक्त तिची शेपटीच दिसनार. मागं राहायचं, समोरचा रस्ता बघायचा, गाडीत दम हाय का ते बघायचं, आनि निघालीस की निघालीस, अर्ध्यात विचार करायचा नाय. आमच्या टेंपोत दम नव्हताच, त्यामुळं मी ओवरटेक शिकले जास्त आनि केले कमी.

लग्न होऊन आचोळ्याला आले. आमच्या ह्यांना गाडी येत नाय, आजपन येत नाय, बाजूला बसून पाय मात्र दाबतात, ब्रेक असल्यासारखा. मी शाळेची व्हॅन चालवली बरीच वर्षं. पोरांना घेऊन जानं म्हनजे तुला सांगते, भाजीपेक्षा वाईट, भाजी उलटी करत नाय. त्या व्हॅनमधल्या एका पोराच्या आजीनं मला मायकडं धाडलं.

माय म्हनजे फिलोमिना बाई, वसई गावातल्या, नवरा गेलेला, मुलगा ग्लेन परदेशात. मायची थोरली बहीन लुसीमावशी, ती भिवंडीच्या रस्त्याला कामनच्या पुढं सिस्टर लोकांच्या आश्रमात असते. तिची आठवन गेलेली, कोनाला ओळखत नाय, मायला मात्र ओळखते, आनि मायच्या हातनं पोटभर जेवते, दुसऱ्या कोनी भरवलं तर दोन घास घेऊन तोंड मिटते. म्हनून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मायला तिकडं न्यायचं, हे माझं काम. बाकी बँक, डॉक्टर, मार्केट हे सगळं हायेच, पन खरं काम ते.

गाडी ग्लेननं घेऊन दिली. करंटवर पन चालते आनि पेट्रोलवर पन, संध्याकाळी अंगनात मोबाइलसारखी चार्जिंगला लावायची. आनि मायच्या घरावर सोलरचे पत्रे, त्यामुळं मायचं म्हननं, करंट घरचा, विहिरीच्या पान्यासारखा, आनि पेट्रोल विकतचं. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, चंदा, ते करंटचं बटन दाबून ठेव, पेट्रोलला हात लावू नको. टाकी भरलेली, पन वापरायची नाय. मायच्या शोकेसमध्ये सोनेरी काठाच्या कपबश्या हायेत, पाहुने आले की काढायच्या, आनि पाहुने आले तरी माय म्हननार, हे तर घरचेच, साधे कप आन. तसं ते पेट्रोल. वसईतल्या वसईत काय प्रॉब्लेम नाय, गाडी आवाज न करता जाते, रिक्षावाले दचकतात.

मग ग्लेन सुट्टीवर आला. चांगला मुलगा हाय, मला ताईच म्हनतो, पन आईला कोन घेऊन फिरतंय हे बघायचं होतं त्याला, आनि ते बरोबरच हाय, मी पन बघितलं असतं. त्या दिवशी सकाळपासून नातेवाईकांकडं फिरलो, एसी सुरू, करंट पार तळाला गेलेला, आनि तसेच लुसीमावशीकडं निघालो. कामनला गोडाऊनच्या बाजूला तुला माहीत हाय कंटेनर कसे असतात, एकामागं एक, म्हशी घरी निघाल्यासारखे. एका कंटेनरच्या मागं लागलो. मी मागं राहिले, रस्ता बघितला, मोकळा होता, बाहेर काढली आनि पाय दाबला.

आनि गाडी विचार करत बसली! खरंच सांगते, विचार करत बसली. मी पाय देतेय आनि ती म्हनते थांब, बघते. मग कुठंतरी आतून इंजिन जागं झालं, आवाज केला मोठा, पन ओढ नाय, आनि तेवढ्यात समोरनं वळनावरनं टँकर. मी ब्रेक मारून परत कंटेनरच्या मागं घेतली. कोनाला काय झालं नाय, पन मागं माय देवा सायबा, देवा सायबा करत होती, आनि ग्लेननं खिडकीवरचं हँडल धरलं ते आश्रमापर्यंत सोडलं नाय. मला वाटलं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर म्हनाला, ताई, राग मानू नका, तुम्ही गावात छान चालवता, पन हायवेला कोनीतरी पुरुष ड्रायव्हर बघतो. मी म्हनाले, दादा, गाडी ओढली नाय, त्यात बाईचा पाय आनि पुरुषाचा पाय कुठं आला? तो म्हनाला, गाडी नवीन हाय ताई, गाडीत काही नाही. बघ हा, गाडीत काय नाय म्हनजे माझ्यात काय ते. मी म्हनाले मला एक दिवस द्या, परवा मी परत नेते, तुम्ही बाजूला बसा, मग काय ते ठरवा. तो नको म्हनत होता, पन माय मधी पडली, बस रे, जिवाला भितोस काय. स्वतः देवा सायबा करत होती ते विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आनि माय, दोघीच, मिठागराकडच्या सरळ रस्त्याला गेलो, तिकडं कोन नसतं. स्टेरिंगच्या पुढं पडद्यावर बान दिसतात, करंट कुठनं येतो, इंजिन कुठं ओढतं. मी मायला म्हनाले, मी रस्ता बघते, तू बान बघ आनि मोठ्यानं सांग. करंटवर ठेवून पाय दाबला, माय म्हनाली एकच बान, एकच, आता दुसरा आला, उशिरा आला. मग मी स्पोर्टचं बटन दाबलं, इंजिन आधीच जागं केलं, आनि मग पाय दिला, एकदम झटका नाय, खालपर्यंत, तळाला एक कट् लागतो तिथपर्यंत. माय ओरडली, दोन्ही बान, चंदा दोन्ही बान! आनि पाठ सीटला अशी चिकटली की मायच्या डोक्यावरचा रुमाल मागं गेला. परत कर म्हनाली. परत केलं. परत कर म्हनाली. शेवटी मीच म्हनाले माय, करंट संपेल.

तेव्हा कळलं. गाडी जोर करते ती दोघांच्या जिवावर, करंट आनि पेट्रोल एकदम लागले की. आम्ही एकाला रस्ताभर राबवून रिकामा करायचो आनि दुसऱ्याला झोपवून ठेवायचो, आनि मग कंटेनरच्या बाजूला जाऊन म्हनायचो उठ, ओढ. कोन ओढनार? मायला सांगितलं, माय, हायवेला पेट्रोल जाळायचं, करंट ओवरटेकसाठी राखून ठेवायचा, तसं बटन पन हाय. तिला ते पटायला जड गेलं, विकतचं जाळायचं आनि घरचं राखायचं, हे उलटं कसं? मग म्हनाली, रुमालाचं काय झालं ते मी बघितलंय, जाळ.

परवाला ग्लेन बाजूला बसला, पट्टा दोनदा ओढून बघितला. वसईतनं निघतानाच मी इंजिनवर घेतली, करंट अर्ध्याच्या वर राखला. कामनला तसाच कंटेनर, सळयांनी भरलेला. मी मागं राहिले. ग्लेन म्हनाला, जाऊ द्या ताई, घाई नाही. मी म्हनाले बघू. रस्ता लांबपर्यंत मोकळा झाला, स्पोर्ट दाबलं, इंजिननं हूं केलं, मग बाहेर काढली आनि पाय तळाला. अरे, ती सुटली रे! कंटेनरवाला आरशात बघेपर्यंत मी त्याच्या पुढं, परत डाव्या बाजूला, इंडिकेटर बंद. मागनं माय म्हनाली, बघितलंस, दोन्ही बान. लुसीमावशी त्या दिवशी पूर्न वाटी पेज जेवली.

ग्लेन मात्र हो पन म्हनाला नाय आनि नाय पन म्हनाला नाय. तिकडं पोचून विचार करून कळवतो म्हनाला, आनि विमानानं गेला. तोवर गाडी काढायची नाय, कोनीच नाय.

तेव्हापासून मी घरीच. दोन रविवार गेले. माय फोन करते, रिक्षावाले तेवढ्या लांब येत नायत, गाडीवर आंब्याची पानं पडलीत, लुसी तोंड मिटून बसते, सिस्टर म्हनते सलाइन लावावं लागेल. पन गाडी त्याची, आई त्याची. व्हॅनवाल्यानं परत बोलावलं, मी म्हनाले थांब. मला माहीत हाय मी काय केलं त्या रस्त्यावर, मला कोनाच्या सर्टिफिकेटची गरज नाय, पन लुसीमावशीची आठवन येते, हे खरं.

आनि काल संध्याकाळी, भाकऱ्या टाकत होते, मायचा फोन. चंदा, ग्लेनचं उत्तर आलं. तुलाच ठेव म्हनतो. पन एक अट घातलीय, ओवरटेक करायचं नाय, कोनाच्या मागं राहावं लागलं तरी राहायचं. मी म्हनाले माय, कामनच्या रस्त्याला? कंटेनरच्या मागं राहिलो तर दुपारच्या जेवनाला निघून रात्रीच्या जेवनाला पोचू. माय म्हनाली, मला काय सांगतेस, मी त्याला हो म्हनून टाकलंय. लेक एवढ्या लांबनं काळजी करतो, त्याला नाय कशाला म्हनायचं? तो तिकडं हाय, रस्ता इकडं हाय. तू रविवारची वाट बघू नको, उद्याच सकाळी ये, लुसी उपाशी हाय.