राहीबाईची ओ

चंद्राने मुंबईहून लिहिले होते, “मास्तर, हॉटेलात बँडबरोबर गाते म्हणून आई माझ्याशी बोलत नाही. घरी येऊ का?” भिडस्त आकाराममास्तरांनी त्या पत्राला उत्तर दिलेच नव्हते. आज वर्षाने, सांगलीच्या पोस्टात, रांगेत त्यांच्या पुढे चंद्राच्या गावच्या दोघी बोलत होत्या.

“पाटलांनी फोनोवर चंद्रीच्या इंग्रजी गाण्याची तबकडी लावली की तिची आय राहीबाई शेजारच्या घरातनं ओ देती.”

“मग? लेकीला ओ देनारच की.”

“आगं, राहीबाईला मरून सा म्हयनं झालं. घराला कुलूप हाय.”

“आगं बया! आन ओ कशाला देती?”

“गाण्यात चंद्री सारखं ‘आय, आय’ म्हनती न्हवं.”

“येडे, माझा ल्योक पलटनीत हाय. इंग्रजीत आय म्हंजी मी!”

“राहीबाईला कुठं इंग्रजी येतंय?”

मास्तरांनी तिथेच कार्ड घेतले, “ये. आई बोलते,” एवढेच लिहिले आणि पेटीत टाकले.