रोपं बाहेर कोण काढतं

रोपवाटिकेच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या. धाकटीच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं.

"टोमॅटोची रोपं एकदम उन्हात काढू नकोस हं, माना टाकतात."

"मी काढतच नाही, जाऊबाई. सकाळी काचघर उघडावं, तर ती अंगणात. आधी सावलीत होती, मग जराशी उन्हात. संध्याकाळी पुन्हा आत."

"भाऊजी करत असतील."

"ते कुठे घरी आहेत?"

"मग बरंय की, कष्ट वाचले तुझे!"

"काल बाळाचा पाळणा अंगणात होता. सावलीत."

"अगं बाई! आणि आज?"

"जरासा उन्हात."

"आणि तू इथे रोपं घ्यायला आलीस?"

"रोपं नकोत मला. उन्हाची सवय झाली की जमिनीत कधी लावतात, एवढंच विचारायचंय."

शिंपीणबाईंनी नकळत बाळाचा पाय हातात धरला.