मास्क कुठे लावायचा

कॉफीच्या रांगेत लॉरेटाच्या पुढे दोघी बोलत उभ्या होत्या. एक काउंटीच्या आरोग्य खात्यातली मुरलेली नर्स, दुसरी कॉलेजनं तिच्या हाताखाली दिलेली विद्यार्थिनी.

"मॅडम, आजींनी आज दारच उघडलं नाही. माझ्यासमोर घ्यायच्या क्षयाच्या गोळ्या चुकल्या."

"काल मास्क कुठे लावलास?"

"पायरीवर. आत जाण्याआधी लावायचा, असं शिकवलंय."

"बरोबरच शिकवलंय. पण मी दारात, रस्त्याकडे पाठ करून लावते."

"समोरच्या बायका बघत होत्या."

"म्हणजे आजींचा आजार गल्लीभर झाला."

"उद्या तुम्ही जाल?"

"वा! पसारा तुझा, आवरू मी?"

"त्यांनी नाहीच उघडलं तर?"

"खिडकीतून माफी माग. म्हणावं, गोळ्या अंगणात घेऊ. खुर्ची टाकून शेजारी बस. उघड्यावर मास्क लागत नाही."

"सगळे बघतील, मॅडम."

"बघू देत, तू बिनमास्क त्यांच्या शेजारी बसलीस ते. त्यासाठीच बसायचं."