जावयानं बसवलेला पाइप

मूळचे आम्ही शिंदखेड्याकडचे, तापीच्या काठचं गाव, आन पोट भरायला आलो ते पन तापीच्याच काठी, सुरतला. चुलत्यानं आनलं मला, लिंबायतला लूमवर लावलं. लूमच्या खटखटीनं हा डावा कान गेला माझा, म्हनून तुम्ही जरा या बाजूनं बसा आन मोठ्यानं विचारा. मी मोठ्यानं बोलतो ते कानामुळं, असं आमची मंडळी सगळ्यांना सांगते, पन कानामुळं नाही, रागामुळं बोलतो. भिकन नाव माझं, गोडादऱ्यात कोनालाही विचारा, भिकनदादा जीपवाला. आता जीप नाही, पन नाव राहिलं.

लूम सोडून मी लायसन काढलं, शेठच्या टेम्पोवर कापडाचे ताके वाहिले, टेम्पोतच जेवलो, टेम्पोतच झोपलो, आन मग एक जुनी डिझेल जीप घेतली. जुनी म्हनजे किती जुनी, तिचा पत्रा समुद्राकाठच्या हजीऱ्याच्या खाऱ्या हवेनं खाल्लेला, पन इंजिन काय होतं म्हनून सांगू तुम्हाला, सकाळी एका चावीत उठायचं. गोडादऱ्यातली आपलीच खान्देशची मानसं इच्छापोरच्या कारखान्यात जायची, त्यांना नेनं-आननं हे माझं काम. आपलेपनानं बसायची लोकं, कोनी भाकरी द्यायचं, कोनी गावचं पापड. माझा तोरा होता त्या जीपवर, खोटं कशाला बोलू.

मग पोरगी दिली. सुनंदा, एकुलती. जावई सुरतमध्येच, गाड्यांना सामान बसवायच्या दुकानात, म्हनजे टेप, हॉर्न, लाइटी, शेठ लोकांच्या पोरांच्या गाड्यांना मागं पंख लावायचे, असलं काम. कामाला वाईट नाही हो, हात चालतो त्याचा. तोंड त्याहून जास्त चालतं. त्याच्यासमोर दुसऱ्याला काही येतच नाही, मिस्त्रीला येत नाही, कंपनीला येत नाही, ज्यानं गाडी बनवली त्या जपानवाल्याला पन येत नाही, सगळं यालाच येतं.

आता धोंड्याचा महिना तुम्हाला माहीत आहे, जास्तीचा महिना येतो तो. त्या महिन्यात जावई म्हनजे देव. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरनाचे धोंडे खाऊ घालायचे, आन तो म्हनेल त्याला हो म्हनायचं. कोनी केलं हे, कशाला केलं, मला नका विचारू, मी असतो तर केलं नसतं. तर त्या वर्षी धोंडा आखाडात आला, भर पावसाळ्यात. जावई आला, जेवला, ढेकर दिला आन म्हनाला, मामा, मला काही नको, उलट मीच तुम्हाला देतो, जीपला कोल्ड एअर इन्टेक बसवतो. मी म्हनलं, हे काय असतं. तर म्हने, इंजिन बोनेटच्या आतली गरम हवा ओढतं, म्हनून दमतं, आपन मोठा पाइप लावू, जाळीतून काढून खाली बंपरमागं उतरवू, तोंडाला उघडा फिल्टर, बाहेरची थंड हवा सरळ आत. जीप पळेल कशी, डिझेल वाचेल कसं, हे त्यानं हातवारे करून सांगितलं, आन सुनंदाची आई अशी बघत होती जसा जावई विमानच बसवनार आहे.

मी म्हनलं, पाहुने, खाली पाइप आन पावसाचं काय. हे मी विचारलं, सगळ्यांच्या देखत विचारलं, हे लिहा तुम्ही. तो हसला. म्हनाला, फिल्टरला प्लास्टिकची टोपी घालू, आन लईच पाऊस झाला तर हवेच्या फिल्टरचा जुना डबा परत वर लावून देतो, पाच मिन्टाचं काम. मी तोंड उघडनार तर आमची मंडळी मागून माझा सदरा ओढते, म्हने, धोंडाना महिना शे, जवाईले नही म्हनू नका. झालं. गप बसलो. त्यानं अंगनात जीप लावली, डबा काढला, पाइप लावला, पट्टे आवळले, आन बायकांनी जीपला हळदकुंकू लावून ओवाळलं. जावयाच्या हातची वस्तू ना!

कोरड्यात जीप पळाली, ते मी नाकारत नाही. घों असा आवाज यायचा, बसनारी पोरं खूश, म्हनायची दादा, तुमची जीप तरुन झाली. पन पाऊस वाढला तसं माझं मन खाऊ लागलं. मी जावयाला निरोप धाडला, डबा आना, बसवा. त्याचं उत्तर आलं, डबा तर भंगारवाल्याला दिला, आता त्याची काय गरज. माझ्या गाडीचा डबा! माझी गाडी, माझा डबा, आन भंगारात दिला मला न विचारता. दुसरा डबा शोधू म्हनलं, तर मंडळी म्हने, राहू द्या दोन-चार दिवस, धोंडा सरू द्या, जावयानं बसवलेलं लगेच काढलं तर त्याला काय वाटेल.

धोंडा सरायच्या आत झालं जे व्हायचं ते. इच्छापोरहून पाळी सुटली, जीप भरलेली, पाऊस धो धो, आन रस्त्यावर पानी. दरसाल येतं तिथं पानी, दरसाल मी काढतो, पहिल्या गेरात, हळूहळू, न थांबता. तसाच निघालो. पानी फक्त बंपरला, आत पाय पन भिजले नव्हते कोनाचे. समोरून ट्रक आला, त्याची लाट आली बोनेटपर्यंत, आन ठक्क! एकच आवाज. मग काही नाही. वायपर चालू, पाऊस चालू, इंजिन मेलं. हवेऐवजी पानी ओढलं ना त्यानं त्या पाइपानं. मिस्त्रीनं नंतर खोलून दाखवलं, आतला दांडा वाकलेला, ब्लॉकला चीर गेलेली. प्लास्टिकच्या टोपीचा तर पत्ताच नव्हता. दिवसभर मशीनवर उभी राहिलेली मानसं त्या पान्यात उतरली आन जीप ढकलत पंपापर्यंत आनली, एकही जन मला वाकडा शब्द बोलला नाही. मला मात्र रडू येत होतं रागानं, पावसात कळलं नाही कोनाला, एवढंच बरं.

दुसऱ्या दिवशी जावई आला. जीप दारात, बोनेट उघडं, भोवती गल्लीतली मानसं, कारखान्यावरची मानसं. त्यानं वाकून बघितलं आन सगळ्यांच्या समोर म्हनाला, मामा, पाइपाचा दोष नाही, तुम्हाला पान्यात गाडी चालवता येत नाही, तुम्ही रेस दिली असनार, तुम्हाला काही येतच नाही. मला! ज्यानं इतके पावसाळे तो रस्ता काढला त्याला! माझ्या हातात पाना होता. जिभेवर शब्द आला होता. आन मागून मंडळीचा आवाज आला, हळूच, पोर देयेल शे त्यास्ना घर, आते गप ऱ्हा. पोर दिली आहे ना त्यांच्या घरात. मी पाना खाली ठेवला. हात धुतले. आन त्याला म्हनलं, चला पाहुने, जेवून घ्या. म्हनलं मी असं. त्याला धोंडे वाढले, वरून तूप वाढलं.

इंजिन होईपर्यंत कारखान्याची मानसं थांबनार कशी, त्यांनी दुसरी गाडी लावली. जीप भंगारातच गेली शेवटी. मी आता दुसऱ्याच्या मेटाडोरवर आहे. आन जावई नात्यात सांगत फिरला, सासऱ्यानं चांगली गाडी पान्यात घातली. मी लग्नात ऐकायचो, बारशात ऐकायचो, आन गप. का, तर पोर सुखानं नांदावी. एका पोरीसाठी मानूस किती गिळतो हो.

गेल्या दिवाळीला सुनंदा माहेरी आली. मी नेहमीसारखा बडबडत होतो त्या पाइपावरून, मंडळी नेहमीसारखी म्हनत होती, गप ऱ्हा. तर पोर चुलीपासून उठली आन म्हनाली, आबा, तुम्ही माझ्यासाठी गप बसलात असं म्हनू नका. त्या दिवशी सगळ्यांसमोर ते तुम्हाला तसं बोलले आन तुम्ही त्यांना जेवायला वाढलं, तवापासून मला पन तसंच बोलतात. भाजी करपली, बापावर गेली. पोराला ताप आला, बापावर गेली, काही येत नाही. मी वाट बघत होते आबा, तुम्ही एक शब्द बोलाल म्हनून.

काय सांगू तुम्हाला. जीप गेली तवा इतकं लागलं नव्हतं. मी चपला घातल्या आन सरळ दुकानावर गेलो. त्यानं खुर्ची दिली, या मामा, चहा घ्या. मी बसलो नाही. गिऱ्हाईक होते, त्याचा शेठ होता, सगळ्यांसमोर बोललो, डबा भंगारात दिला तिथपासून बोललो, आन शेवटी म्हनलं, जीपचं सोडून दिलं, पन माझी पोर बापावर गेली आहे हे खरं, फक्त बाप आता गप बसनार नाही. त्याचं तोंड इतकंसं झालं. चालनारं तोंड ना ते, पहिल्यांदा बंद बघितलं मी.

मंडळी रडली, म्हने तुम्ही पोरीचं घर मोडलं. मोडलं नाही. नांदते ती. मी जाता-येता थांबतो तिच्या दारात, मेटाडोर उभी करतो, त्याच्यासमोर मोठ्यानं विचारतो, सुनंदा, कशी आहेस. ती पन मोठ्यानं सांगते, बरी आहे आबा. देव तिला तसंच मोठ्यानं बोलतं ठेवो. माझा राग गेलेला नाही, आन जावा असं मला वाटत पन नाही.